लास व्हेगासमध्ये शोच्या ‘मोफत’ तिकिटांपायी गेलेले 298 डॉलर

लास व्हेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे मोठमोठ्या हॉटेलांच्या प्रसिद्ध रस्त्यावर, ‘शो तिकिटे’ अशी ठळक पाटी लावून बसलेले सगळेच लोक तिकिटे विकायला बसलेले नसतात, हे आम्हा उभयतांना 298 डॉलर गेल्यावर कळले. टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क विकत घेणे, आणि तो विकणारे फुकटाचे आमिष दाखवून लोकांना तासन्‌तास बसवून ठेवतात. ते आम्हालाही ठाऊक होते. परंतु ज्या स्टॉलवर आम्ही थांबलो, तो हॉटेलच्या आत, नाट्यगृहाकडे जाणाऱ्या वाटेवरच होता, त्याच शोची चित्रे त्याच्यामागे लावलेली होती आणि तेथील मुलीच्या छातीवर बिल्ला होता. त्याला तिकीट खिडकी न समजणारा माणूस मला दाखवावा.

तिने प्रत्येकी 149 डॉलरची दोन तिकिटे मोफत देऊ केली. त्यासाठी 40 डॉलर रोख अनामत, जी दुसऱ्या दिवशी परत मिळणार होती, आणि ‘कर व सेवाशुल्क’ म्हणून कार्डावर 59 डॉलर. मोबदल्यात एका नव्या रिसॉर्टची माहिती 120 मिनिटे ऐकायची, नाश्ता त्यांच्याकडून. रोख रकमेची पावती मागितली, तेव्हा ती पाकिटातच असल्याचे सांगण्यात आले. ती पाकिटात नव्हती.

आता ज्या क्षणाचा मला सर्वांत जास्त संताप येतो, तो सांगते. त्या मुलीने आम्हाला कोणत्या रांगेत बसायचे आहे हे विचारलेच नाही. तिने विचारले ते असे, की आपण विवाहित आहात का, दोघेही येणार ना, वार्षिक उत्पन्न साधारण किती आणि क्रेडिट कार्ड कोणाच्या नावावर आहे. तिकीट विकणाऱ्याला माझ्या लग्नाशी काय कर्तव्य? माझ्या यजमानांनी तसे विचारलेही, पण ‘ही सवलत जोडप्यांसाठी आहे’ हे उत्तर इतक्या सहजपणे आले की पुढचा प्रश्न ओठांवरच राहिला. मागे रांग उभी होती आणि चारचौघांत हुज्जत घालण्याची आम्हाला सवय नाही. आणि तो 59 डॉलरमधला ‘कर’? लास व्हेगास ज्या नेवाडा राज्यात आहे, तेथे अशा कार्यक्रमांच्या प्रवेशमूल्यावर 9 टक्के करमणूक कर आहे, आणि मोफत तिकिटाचे 9 टक्के म्हणजे शून्य. हा हिशेब खोलीवर गेल्यावर सुचला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बसने आम्हाला स्ट्रिपपासून दूर नेले. स्वतःच्या पायांनी परत येता येणार नाही अशाच ठिकाणी नेतात, आणि व्हेगासमध्ये भर रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबवता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. 120 मिनिटांचे चार तासांहून अधिक झाले. आम्ही उठलो, तेव्हा ‘शेवटच्या अधिकाऱ्याशी आपले बोलणे पूर्ण झालेले नाही’ असे म्हणून 40 डॉलर ठेवून घेतले गेले. टॅक्सीला 31 डॉलर पडले.

हातात आले ते तिकीट नव्हते, व्हाउचर होते. जागा शिल्लक असल्यासच चालेल असे त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले. नाट्यगृहाच्या खऱ्या खिडकीवर कळले की त्या वर्गातील जागा संपल्या आहेत, वरच्या वर्गासाठी प्रत्येकी 84, म्हणजे एकूण 168 डॉलर भरावे लागतील. खिडकीवरच्या गृहस्थांनी सहज सांगितले, की मागच्या रांगा सकाळपर्यंत सर्व करांसह 69 डॉलरला होत्या. दोघांचे 138! दुसऱ्या दिवशी शो बंद आणि आमचे विमान पहाटेचे, म्हणून पैसे भरले. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. (व्हेगासचे बरेच शो आठवड्यातून दोन दिवस बंद असतात, परतीच्या आदल्या रात्रीवर काही ठेवू नये.)

त्यानंतरची टोलवाटोलवी तर फसवणुकीपेक्षाही मनस्ताप देणारी होती. हॉटेलने कानावर हात ठेवले: जागा भाड्याने दिलेली आहे, स्टॉलचा आमच्याशी संबंध नाही. भाडे घेताना संबंध असतो, तक्रार ऐकताना नसतो! एका सरकारी कार्यालयाने सांगितले की ते ठिकाण शहराच्या हद्दीतच येत नाही. ही गोष्ट खरी आहे, स्ट्रिपचा बहुतेक भाग शहराच्या हद्दीबाहेर, थेट क्लार्क काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कारभाराखाली मोडतो. पण ज्या रस्त्यामुळे शहराचे नाव जगात आहे, तो तक्रारीपुरता शहराबाहेर जातो. दुसऱ्या कार्यालयाने आपण ‘संमतीने’ सही केली आहे असे कळवले आणि एक अर्ज पाठवला, ज्यात स्टॉलचा परवाना क्रमांक भरणे सक्तीचे होते. तो मी कोठून आणायचा? बँकेने 59 डॉलरची हरकत फेटाळली, कारण व्हाउचर वापरले म्हणजे सेवा मिळाली. वापरले नसते, तर ‘आपण सेवा नाकारली’ असे उत्तर आले असते, याची मला खात्री आहे. 40 डॉलर रोख दिल्यामुळे त्यांचा तर प्रश्नच उद्भवला नाही. रोख देऊ नका.

बेलाजिओमधील ‘ओ’ किंवा ट्रेझर आयलंडमधील ‘मिस्टेअर’ यांसारख्या शोंची नाट्यगृहे हॉटेलातच आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या तिकीट खिडक्या आहेत. तेथे जावे, नाहीतर शोच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे. 12 मे 2025 पासून अमेरिकेत तिकिटाची जाहिरात करताना अनिवार्य शुल्कांसह एकूण रक्कम सुरुवातीलाच दाखवणे बंधनकारक आहे. जो ‘शुल्क नंतर सांगतो’ म्हणेल, त्याच्यासमोरून उठावे. फोनवरचे तिकीट दुसऱ्याकडून घेतल्यास ते आपल्या खात्यात रीतसर हस्तांतरित करून घ्यावे, कारण बऱ्याच तिकिटांवरचा बारकोड सतत बदलत असतो आणि त्याच्या स्क्रीनशॉटवर प्रवेश मिळत नाही. स्टॉलवर फोन नंबर तर मुळीच देऊ नये. आम्हाला अजून फोन येतात.

रिसॉर्टच्या त्या बैठकीत आमच्या शेजारच्या टेबलावर एका वृद्ध जोडप्याने टाइमशेअरच्या करारावर सही केली. तशी कोणी केली असेल, तर नेवाडाच्या कायद्याप्रमाणे सहीनंतरच्या पाचव्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत लेखी कळवून तो करार रद्द करता येतो. फोनवर सांगून भागत नाही. लेखीच कळवावे आणि पाठवल्याचा पुरावा जपून ठेवावा.