नागिणीनंतरची आग: विजयेचे थेंब की प्रीगॅबालिन?

नागीण सुकून गेल्यावरही बरगडीवरच्या पट्ट्यात आग मागे राहिली, की सुती सदऱ्याचा स्पर्शसुद्धा कसा झोंबतो, हे भोगलेल्यांना वेगळे सांगायला नको. या दुखण्यावर मी वैद्यांच्या चिठ्ठीने विजया, म्हणजे भांग-गांजाच्या झाडाच्या पानांच्या अर्काचे थेंब घेतले आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रीगॅबालिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरचे औषध. दोन्ही एकत्र मात्र कधीच घेतली नाहीत, कारण गुंगीत गुंगीची भर पडते.

कायद्याची धास्ती अनेकांना वाटते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. पानांच्या अर्कापासून परवान्याने केलेली आयुर्वेदिक औषधे चिठ्ठीवर मिळतात. ती चिठ्ठी जपून ठेवावी.

थेंबांनी माझी झोप सुधारली, हे मान्य करायलाच हवे. कळ पूर्ण गेली नाही, तरी तिची धार बोथट झाली आणि रात्री कुशीवर वळता येऊ लागले. मला नकोसा झाला तो त्यांच्या गुणाचा बेभरवसा. नारळाच्या रसातली आमटी जेवून थेंब घेतले, की तेवढीच मात्रा सकाळपर्यंत डोक्यात रेंगाळत असे, आणि नुसत्या पेजेवर घेतले, तर काही घेतल्यासारखे वाटतच नसे. हे द्रव्य स्निग्ध पदार्थाबरोबर अधिक शोषले जाते. शिवाय पोटातून घेतलेल्या टीएचसीचे, म्हणजे विजयेतल्या गुंगी आणणाऱ्या घटकाचे, यकृतात अधिक प्रभावी द्रव्य बनते आणि गुण यायला तासदोन तास लागतात, त्यामुळे 'अजून दोन थेंब घेऊ' हा मोह महागात पडतो. आमच्या वाडीत रस्त्यावर यायला जांभ्याची पाखाडी उतरावी लागते, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते, आणि सकाळी पाय स्थिर असतील की नाही याचा अंदाज नसणे मला परवडणारे नव्हते.

प्रीगॅबालिननेही सुरुवातीला घेरी आली आणि पावलांना किंचित सूज राहिली. वजनही वाढू शकते. परंतु घेरी ठरल्या वेळी येई व ओसरे, आणि जेवणात काय होते याने फारसा फरक पडत नसे. मूत्रपिंडे अशक्त असतील, तर मात्रा कमी करावी लागते, आणि हे औषध एकाएकी थांबवू नये.

२०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी प्रौढांच्या जुनाट वेदनेसाठी गांजाच्या बाजूने ठोस पुरावा असल्याचे म्हटले, तर २०२१ मध्ये दुखण्याच्या जागतिक अभ्यासकसंघाने वेदनेसाठी त्याच्या सरसकट वापराला पाठिंबा दिला नाही. तेव्हा माझा अनुभव हाच निकाल समजू नये. झोप हीच ज्यांची मुख्य तक्रार आहे, ज्यांना सकाळी गाडी चालवायची नाही आणि जे वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत नाहीत, त्यांनी वैद्यांशी थेंबांविषयी जरूर बोलावे. माझ्या उशाशी मात्र सध्या प्रीगॅबालिनच आहे.