सुपर व्हिसा की साधा व्हिजिटर? कॅनडात मुलाकडे जाणाऱ्या पेन्शनरांसाठी

निपाणी, खानापूर, चिकोडी, कुठंही जा. मुलगा किंवा मुलगी कॅनडात कायम झाली की त्या घरात हा प्रश्न निघतोच: आई-वडिलांसाठी असलेला लांब मुक्कामाचा सुपर व्हिसा घ्यावा, की साधा व्हिजिटर? मी दोन्ही व्हिसांवर राहून आलो आहे. आधी सुपर व्हिसावर सोळा महिने, आणि जुन्या पासपोर्टाबरोबर तो व्हिसा संपल्यावर आता साध्या व्हिजिटरवर. मी खानापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक, पेन्शन कर्नाटक सरकारची, थोड्या ठेवी बँकेत आणि थोड्या पतसंस्थेत. तुमची घडी वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकेल.

सुपर व्हिसाचं मोठं सुख म्हणजे एकदा आत गेलं की पाच वर्षांपर्यंत राहता येतं. साध्या व्हिसावर सहसा सहा महिने. वाढवून मागता येतात, पण मिळतीलच असं नाही. सून बाळंतपणाची असेल, घरात दोघंही नोकरीला असतील, तर हा फरक फार मोठा आहे. आमची नात सव्वा वर्षाची होईपर्यंत आम्ही तिथंच होतो. ते दिवस मला कशानंही भरून मिळाले नसते.

त्यासाठी लागणारे कागद मात्र जास्त. मुलाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर हवं, वैद्यकीय तपासणी हवी, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान वर्षभराचा आरोग्य विमा हवा. आमच्या दोघांच्या विम्याला जवळपास विमानाच्या तिकिटांएवढे पैसे गेले. मुलाचा जन्मदाखला कन्नडमध्ये, म्हणून त्याचं इंग्रजी भाषांतर. एका कागदावर 'बेळगाव', दुसऱ्यावर २०१४ नंतरचं 'बेळगावी', म्हणून त्याचंही एक पत्र जोडलं. बोटांचे ठसे द्यायला बेंगळुरूला जावं लागलं, पण ते दहा वर्षं चालतात, त्यामुळे दुसऱ्या वेळी ती फेरी वाचली.

हे सगळं एकदाच करायचं असतं, होऊन जातं. माझं मन फिरलं ते इथल्या एका ठेवपावतीमुळं.

२०२३ च्या मे महिन्यात पतसंस्थेतल्या तीन लाखांच्या ठेवीची मुदत संपली. आम्ही तेव्हा टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला. मुलगी बेळगावात टिळकवाडीत राहते, ती पावती घेऊन गेली. पावतीच्या पाठीमागं माझी सही हवी, असं तिला सांगितलं. मी टोरांटोच्या भारतीय वकिलातीत जाऊन तिच्या नावे मुखत्यारपत्र केलं. ते इथं पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेही तिनं भरलं. मग अडलं ते सहीवर. मुखत्यारपत्रावर मी पासपोर्टप्रमाणे इंग्रजीत सही केली होती, आणि पतसंस्थेच्या कार्डावर माझी पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी सही. "गुरुजी समोर आल्याशिवाय कसं होतंय?" एवढंच उत्तर. मुलगी तीनदा गेली. कामावरून अर्धी रजा काढून गेली. मी परत येईपर्यंत दहा महिने ते पैसे बचत खात्याच्या व्याजावर पडून राहिले. नुकसान किती, ते मी मोजलं नाही. पण आपल्याच पैशासाठी मुलीला तिथं विनवण्या कराव्या लागल्या, ते मला लागलं.

त्याच नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला तिकडून पाठवला, तो उशिरा पोहोचला आणि तीन महिने पेन्शन थांबली. मागची रक्कम नंतर मिळाली.

कराचं थोडक्यात सांगतो. वर्षात १८२ दिवस भारतात असलं की करासाठी इथले रहिवासी, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण दुसरीही एक अट आहे: त्या आर्थिक वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलात, तरी तुम्ही इथले रहिवासीच ठरू शकता. म्हणजे सहा-सात महिन्यांच्या मुक्कामानं एकदम अनिवासी होण्याची भीती सहसा नको. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर मात्र गोष्ट वेगळी. माझं २०२३-२४ चं वर्ष तसं गेलं. बँकेतलं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करावं लागलं, व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा कर आधीच कापला गेला, आणि व्याजावर कर कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा १५एच फॉर्म देता आला नाही, कारण तो रहिवाशांनाच. रिटर्न भरल्यावर बराच परतावा आला, पण वाट पाहावी लागली. पतसंस्थेत तर एनआरओ खातं निघतच नाही. तुमचा हिशेब तुमच्या सीएकडून तपासून घ्या.

सुपर व्हिसा घेऊनही सहा महिन्यांत परत येता येतं, असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. पण मग वर्षाचा विमा आणि तपासणी कशासाठी? साध्या व्हिसावर विम्याची सक्ती नाही. तरीही आम्ही घेतो, पण लागतो तेवढ्याच महिन्यांचा.

इथलं घर विकलेलं असेल, पैसा एखाद्या मोठ्या बँकेत असेल, किंवा जोडीदार गेल्यावर एकटं राहणं अवघड होत असेल, तर सुपर व्हिसाच घ्यावा असं मला वाटतं. तिकिटांचा खर्च आणि दरवर्षीचा वीस-बावीस तासांचा प्रवास वाचतो, आणि गुडघे दुखणाऱ्याला तो फार असतो.

पण ज्यांचं घर, शेत, पतसंस्था अजून इथं आहे, त्यांना मी साधा व्हिसा सुचवीन. आम्ही एप्रिलच्या शेवटी निघतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास परततो. नोव्हेंबरात बँकेत स्वतः बसून हयातीचा दाखला देतो. सगळ्या ठेवींच्या मुदती आता डिसेंबर ते फेब्रुवारीत आणून ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही सह्यांचं नवं कार्ड भरून दिलं आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षण नसतं, म्हणून तिथली निम्मी रक्कम काढून बँकेत टाकली. त्या कामासाठी मुलीला बरोबर नेलं नाही.