स्नायू खेचल्यावर सी-ईच्या गोळ्या की आवळा-पेरू?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर कुणी लंगडताना दिसला की दोन सल्ले ठरलेले. एक म्हणतो, व्हिटॅमिन सी आणि ई सुरू कर. दुसरा म्हणतो, गोळ्या कसल्या, आवळा खा. मांडीमागचा स्नायू माझा दोनदा खेचला गेलाय, एकदा उजवा, नंतर डावा. त्यामुळे दोन्ही करून झालंय. सल्ल्यामागचा हिशेब असा: दुखापतीच्या जागी फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू, तयार होतात आणि सी-ई त्यांना आवर घालतात.

गोळ्यांची बाजू लंगडी नाही. एका चघळायच्या गोळीत ५०० मिलीग्रॅम सी, बारा महिने मिळते, खिशात मावते. पण एवढं हवंय कशाला? दुखापतीनंतर काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तिथे पोचतात आणि सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल सोडतात. त्याची झळ शेजारच्या धडधाकट तंतूंनाही बसते, हे खरं. पण साफसफाई आणि दुरुस्तीचा निरोपही त्याच गडबडीतून जातो. शिवाय असल्या रेणूंना आवरायला एसओडी, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन ही शरीराची स्वतःची फळी असतेच. २००१ च्या एका अभ्यासात दंडाच्या स्नायूंना व्यायामाने इजा झालेल्यांना सी आणि एन-ॲसिटिल सिस्टीन हे दुसरं अँटिऑक्सिडंट दिलं, तर ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे असल्या रेणूंचा मारा, उलट वाढलेला दिसला. एका अभ्यासावरून गोळ्या मोडीत काढू नयेत, पण डोक्यात शंका राहते.

माझ्यापुरता निकाल मात्र लागला छातीतल्या जळजळीवर. उजव्या पायाच्या वेळी गोळ्या चालू होत्या. फिजिओने सकाळचे व्यायाम दिलेले: पालथं झोपायचं, टाच हळूहळू वर, मग त्याहून हळू खाली. टाच खाली येताना घशाशी आंबट पाणी. मांडी काय म्हणतेय याकडे लक्ष द्यायचं तर सगळं लक्ष छातीत. नाश्त्यानंतर गोळी घेऊन पाहिली, रात्री घेऊन पाहिली. ढेकर काही थांबले नाहीत. माझं पोटच नाजूक असेल, तुमचं तसं नसेलही.

डाव्या पायाच्या वेळी पेरू, आवळा आणि ईसाठी मूठभर शेंगदाणे. आवळ्याने दात आंबतात, मिठाशिवाय मला तो जात नाही. पण एका मध्यम पेरूत दोनशे मिलीग्रॅमच्या आसपास सी असतं, पुरुषाची रोजची गरज ऐंशीच्या घरातली. नाशिककरांनी रागावू नये, पण सीच्या बाबतीत आपली द्राक्षं पेरूपुढे कुठेच नाहीत. काळ्या द्राक्षांच्या सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यासाठी ती जरूर खावीत. भरून यायला दोन्ही वेळा साधारण सारखाच वेळ लागला. डाव्या वेळी व्यायाम मात्र एकदाही अर्धवट सोडावा लागला नाही, आणि मला तेवढं पुरे.

फळं चालत नसतील किंवा डॉक्टरांनी कमतरता बघून लिहून दिली असेल, तर गोळ्याच बऱ्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ईची कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.