यूयूआयडी: व्हर्जन ४ घ्यावा की व्हर्जन ७?

नोंदींना यूयूआयडी (कुठल्याही मशीनवर बनवता येणारा, १२८ बिटांचा, दुसऱ्याशी न जुळणारा आयडी) घ्यायचा हे ठरलंय, घोडं अडलंय ते व्हर्जनवर, असं धरून चालतो. व्हर्जन १ मी बाजूलाच ठेवला. त्यात मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर) जातो, आणि वेळेचे खालचे बिट आधी येत असल्यामुळे क्रमही लागत नाही. वेळ तरी कधीपासून मोजायची, तर १५ ऑक्टोबर १५८२ पासून! हौसेला मोल नाही.

व्हर्जन ४ मध्ये १२८ पैकी १२२ बिट निव्वळ रँडम. व्हर्जन ७ मध्ये पहिले ४८ बिट मिलिसेकंदांतली वेळ आणि ७४ बिट रँडम. दोन आयडी सारखे निघतील ही भीती दोन्हीकडे सोडून द्या.

माझं काम नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांच्या पावत्यांचं. आंबिया बहाराचा संत्रा आला की पहाटेपासून नोंदी सुरू. नेटचा भरवसा नाही, म्हणून आयडी टॅबलेटवरच बनतो. मग मुनीमजींचा फोन: "भाऊ, आत्ता फाडलेली पावती दिसून नाही राहिली." इनोडीबी (मायएसक्यूएल डेटाबेसचं साठवणीचं इंजिन) ओळी प्रायमरी कीच्या, म्हणजे इथे आयडीच्या, क्रमाने ठेवते. त्यामुळे व्हर्जन ४ च्या टेबलात ती पावती गेल्या हंगामातल्या कुठल्या तरी दोन पावत्यांच्या मधे जाऊन बसलेली असायची. दरवेळी तारखेवर सॉर्ट करा, मग शोधा. शिवाय नवी ओळ अशी कुठेही घुसली की भरलेलं १६ केबीचं पान (ओळी साठवायचा कप्पा) दुभंगतं, आणि ऐन गर्दीत सेव्हचं बटण रेंगाळतं. स्टॉपवॉच लावून मी काही मोजलं नाही. पण नवं टेबल व्हर्जन ७ वर केल्यापासून ताजी पावती शेवटीच सापडते आणि फोनही कमी झाले.

तुमच्याकडे नोंदी तुरळक असतील, तर हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

व्हर्जन ७ च्याही खोडी आहेत. पहिली आठ अक्षरं साधारण ६५ सेकंदांतून एकदाच बदलतात, म्हणून स्क्रीनवर छोटा आयडी दाखवायचा तर शेवटची आठ घ्या. टॅबचं घड्याळ चुकलं की क्रमही चुकला. आणि आयडी पाहून नोंद कधी झाली ते कोणालाही काढता येतं, त्यामुळे ग्राहकाला जाणाऱ्या लिंकमध्ये मी आजही व्हर्जन ४ च टाकतो.

व्हर्जन ७ मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजातून प्रमाणित झाला. पोस्टग्रेस १८ या डेटाबेसमध्ये त्याचं फंक्शन आयतंच मिळतं. जुने व्हर्जन ४ बदलत बसायची गरज नाही, एका कॉलममध्ये दोन्ही सुखाने नांदतात.