भाडं थकलं तर: पागडीची खोली आणि लिव्ह अँड लायसन्स

कायदा एकच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. पण त्यात पागडीवाला (सुरुवातीला एकरकमी पागडी देऊन कमी भाड्यात वर्षानुवर्षं राहणारा) आणि लिव्ह अँड लायसन्सवाला (ठरावीक मुदतीच्या करारावर राहणारा) या दोघांची गत अगदी वेगळी.

पागडीवाल्याला भक्कम आधार आहे. भाडं थकलं तरी मालकाला लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं, मगच दावा. समन्स हाती पडल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला की खोली वाचू शकते. म्हणून समन्स आलं की हातपाय गाळू नका. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा आणि पैसे उभे करायला लागा. सबळ कारणाशिवाय मालक पाणी-वीजही तोडू शकत नाही.

लिव्ह अँड लायसन्सवाल्याला असं कवच नाही. मुदत संपली की राहतं घर सोडायचं. नाही सोडलं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो आणि भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागतो. तिथलं समन्स आलं की बाजू मांडायची परवानगी ३० दिवसांत मागावी लागते.

मालकाला माझ्या मते हाच मार्ग बरा, पण करार नोंदवलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी त्याचीच. ती टाळली, तर अटींच्या वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचा शब्द ग्राह्य धरतात.