दिव्यांग तरुणांची शाळेतली कार्यशाळा : बोलवावी का, आणि कशी?

दिव्यांग तरुण-तरुणी स्वतः येऊन घेतात ती दोन तासिकांची समावेशन कार्यशाळा शाळांनी जरूर ठेवावी. मात्र पाचवी ते आठवीची एकच तुकडी घ्यावी, चाळिसाच्या आत मुलं. सगळी शाळा सभागृहात बसवली की त्याचं भाषण होतं. मुलं ‘किती जिद्द!’ म्हणून टाळ्या वाजवतात आणि वर्गातलं काहीच बदलत नाही.

सगळ्यात रंगतो तो ब्रेलचा भाग. चार-पाच मुलांत एक ब्रेल पाटी, एक स्टायलस (ठिपके टोचायची टोकदार दाभण) आणि चित्रकलेचा जाड कागद हवा. वहीचं पान फाटतं, नाहीतर ठिपका बोटाला लागतच नाही. टोचायचं उजवीकडून डावीकडे, मग कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. ब्रेलच्या प्रत्येक अक्षराच्या घरात सहा ठिपक्यांच्या जागा असतात; वाचताना डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. ‘कमल’ हा शब्द सुरुवातीला उत्तम : क म्हणजे १-३, म १-३-४, ल १-२-३. टोचताना १-२-३ हे ठिपके घराच्या उजव्या बाजूला येतात. हे विसरलं की अक्षर उलटं उमटतं, आणि बहुतेक मुलं पहिल्यांदा इथेच अडकतात. जोडाक्षरं असलेली नावं नंतर घ्यावीत, कारण हलन्ताचा ४ क्रमांकाचा ठिपका व्यंजनाच्या आधी द्यावा लागतो.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावणारा खेळ कार्यशाळा घेणारे चांगले गट घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पट्टी बांधलेल्या मुलाला पाच मिनिटांत फक्त भीती कळते. पांढरी काठी वापरणाऱ्याचं अनेक महिन्यांचं प्रशिक्षण त्यात कुठेच दिसत नाही, उरते ती कीव.

दुसऱ्या तासिकेत व्हीलचेअर वापरणारा मार्गदर्शक मुलांच्या हाती मोजपट्टी देतो. आमच्या मते शाळेला खरा उपयोग याचाच. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे ४५ सेंमी उंचीच्या जोत्याला ५.४ मीटर लांबी. कित्येक शाळांत ती निम्मीही नसते. अशा चढावर खुर्ची मागे उलटते, म्हणून कुणीतरी ढकलायला लागतं आणि मूल परावलंबी ठरतं. दाराची रुंदी ९० सेंमी आहे का, स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडतं का, रॅम्पच्या तोंडाशी सायकली लावतात का, याची यादी मुलांनीच मुख्याध्यापकांना द्यायची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांची ही जबाबदारीच आहे, त्यामुळे यादी फायलीत पडून राहू देऊ नये.

उणिवाही आहेत. कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता असली तरी गटात बहुधा अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग तरुणच असतात. बौद्धिक दिव्यांगता किंवा स्वमग्नता असलेले तरुण फार क्वचित दिसतात, आणि वर्गात चिडवणं सोसतात ती मुलं नेमकी हीच. शिक्षकांसाठी वेगळा अर्धा तास मागून घ्यावा. फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचणं, फळ्याकडे तोंड करून न बोलणं, खिडकीकडे पाठ करून उभं न राहणं (चेहरा अंधारात जातो आणि ओठ वाचता येत नाहीत), एवढं तरी त्यात पक्कं व्हावं.

कर्णबधिर मार्गदर्शक असेल तर दुभाषी त्याच्या शेजारी उभा हवा. भाषांतर काही क्षण मागून येतं, म्हणून मुलांना एकेकानेच विचारायला सांगावं. मानधन आणि रिक्षाभाडं आधीच ठरवावं; ‘सेवा’ म्हणून फुकट बोलावू नये. खोली तळमजल्यावरची द्यावी आणि व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह आदल्या दिवशी उघडून पाहावं. ते नसेल तर पाहुणा सकाळपासून पाणी न पिता येतो.