तीन तिरक्या रेघा, एक टिकमार्क आणि आठ महिने

आमच्याकडे नवी मुलगी रुजू झाली त्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. तिने विचारलं, "दादा, या फंक्शनला दोन तारखा द्यायच्यात. यातली 'देय तारीख' म्हणजे हप्त्याची, की कर्जाची मुदत संपते ती?" मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "माउस ने ना त्यावर. सगळं लिहून ठेवलंय." तिने नेला. चौकोन उघडला, त्यात फंक्शनचं नाव आणि दोन पॅरामीटर. बस्स. मी स्वतः बसून लिहिलेली पाच ओळींची टिप्पणी कुठेच नव्हती.

आम्ही सहा जण नाशिकला पतसंस्थांसाठी कर्ज आणि ठेवींचं सॉफ्टवेअर करतो. भाषा सी शार्प, हत्यार व्हिज्युअल स्टुडिओ २०२२, खाली डॉटनेट ८. त्या दिवसापासून आजवर आठ महिने या दस्तऐवजी टिप्पण्यांच्या, म्हणजे डॉक्युमेंटेशन कॉमेंट्सच्या, मागे लागलोय. त्याचा हा अनुभव.

आधी त्या चौकोनाचं कोडं. फंक्शनच्या वर तीन तिरक्या रेघा /// देऊन जे लिहितो ते एक्सएमएल, म्हणजे टोकदार कंसांतल्या टॅगांनी मांडलेला मजकूर, असतं. ही सोय सी शार्पमध्ये अगदी पहिल्या आवृत्तीपासून, २००२ पासून आहे. त्याच सोल्यूशनमधला, म्हणजे प्रकल्पांच्या गठ्ठ्यातला, दुसरा प्रकल्प वापरत असाल तर एडिटर थेट सोर्समधून टिप्पणी उचलतो. माझ्या मशीनवर नेहमी दिसायची ती म्हणूनच. त्या मुलीला मात्र आम्ही व्याजगणनेची लायब्ररी तयार डीएलएल, म्हणजे आधीच बिल्ड केलेली फाइल, म्हणून दिली होती. डीएलएलमध्ये टिप्पण्या नसतात. त्या वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये जातात आणि ती फाइल त्याच नावाने डीएलएलच्या शेजारी बसलेली असावी लागते. आमच्याकडे ती फाइल तयारच होत नव्हती.

ती तयार करायला प्रकल्पाच्या प्रॉपर्टीजमध्ये, बिल्डखालच्या आउटपुटमध्ये, एक चौकट आहे. टिक केली की प्रकल्पाच्या फाइलमध्ये 'जनरेट डॉक्युमेंटेशन फाइल' ही ओळ येते, फाइलमध्ये अर्थात सगळं सलग, एक शब्द. काम दोन सेकंदांचं. मी टिक केलं, बिल्ड दाबलं आणि एरर लिस्टमध्ये हजारावर, चार आकडी संख्येने वॉर्निंग आल्या. चहा घेऊन परत आलो तरी त्या तिथेच.

इथे एक गोष्ट मला इतकी वर्षं माहीत नव्हती, आणि कबूल करायला लाज वाटते. ही टिक नसेल तर कंपायलर, म्हणजे कोडचं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणारं हत्यार, तुमच्या /// टिप्पण्या वाचतच नाही, साध्या टिप्पणीसारख्या सोडून देतो. म्हणजे पॅरामीटरचं नाव चुकलंय, टॅग बंद केलेला नाही, उल्लेख केलेला क्लास कधीच काढून टाकलाय, यातलं काहीही तो सांगणार नाही. आमच्या टिप्पण्या वर्षानुवर्षं कोणी तपासलेल्याच नव्हत्या.

वॉर्निंगमध्ये सगळ्यात जास्त गर्दी १५९१ ची: पब्लिक गोष्टीवर टिप्पणीच नाही. गर्दीमुळे पहिल्यांदा आपण तिच्याकडेच बघतो आणि ती गप्प कशी करायची ते शोधतो. मीही तेच केलं. खरा माल तिच्या खाली दबलेला होता. १५७२ म्हणजे तुम्ही वर्णन केलेला पॅरामीटर अस्तित्वातच नाही. आमच्याकडे 'दंडव्याज' नावाचा पॅरामीटर कधीकाळी 'विलंब शुल्क' झाला होता, टिप्पणी मात्र अजून दंडव्याजच सांगत होती. १५७३ म्हणजे बाकीच्यांचं वर्णन आहे, एकाचं राहिलंय. नंतर वाढवलेला पॅरामीटर बहुतेक वेळा हाच असतो. १५७४ म्हणजे 'सी-रेफ'ने, टिप्पणीतून दुसऱ्या कोडकडे बोट दाखवणाऱ्या खुणेने, दाखवलेली गोष्ट सापडत नाही. आणि १५७० म्हणजे एक्सएमएलच मोडलंय.

या १५७० ने सगळ्यात जास्त करमणूक केली. कोणीतरी टिप्पणीत सरळ लिहिलं होतं: थकीत दिवस < ९० असतील तर अमुक. माणसाला कळतं. एक्सएमएलला ते < चिन्ह म्हणजे नवा टॅग सुरू झाला असं वाटतं. मग तयार झालेल्या फाइलमध्ये त्या फंक्शनची अख्खी टिप्पणी गळते आणि जागेवर एवढंच उरतं की इथली टिप्पणी मोडकी असल्याने सोडून दिली आहे. & या चिन्हाचंही तसंच. उपाय म्हणजे ते चिन्ह एक्सएमएलच्या पद्धतीने लिहायचं, किंवा सरळ 'पेक्षा कमी' असं मराठीत. आम्ही दुसरं निवडलं. जेनेरिक टाइपचा उल्लेख सी-रेफमध्ये करताना टोकदार कंसाऐवजी महिरपी कंस चालतो, हेही याच वेळी कळलं.

आता फजितीचा भाग. आमचा वेब एपीआयचा प्रकल्प जुन्या धाटणीचा होता आणि त्याच्या फाइलमध्ये डीबग (आमच्या तपासणीचं बिल्ड) आणि रिलीज (प्रत्यक्ष वापरायचं बिल्ड) यांचे वेगवेगळे कप्पे होते. मी टिक केलं तेव्हा वर कॉन्फिगरेशन डीबग होतं. त्यामुळे ती ओळ फक्त डीबगच्या कप्प्यात गेली. स्वॅगरच्या, म्हणजे एपीआयची माहिती दाखवणाऱ्या, पानावर टिप्पण्या दिसाव्यात म्हणून मी ते पान बनवणाऱ्या स्वॅशबकल लायब्ररीला त्या एक्सएमएल फाइलचा पत्ताही दिला होता. माझ्या मशीनवर पान देखणं दिसलं, सगळ्यांना बोलावून दाखवलं. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज बिल्ड सर्व्हरवर चढवलं आणि ॲप्लिकेशन उठेचना. फाइल सापडत नाही. रिलीजमध्ये ती बनतच नव्हती, आणि नसलेली फाइल वाचायला गेलं की स्वॅशबकल एक्सेप्शन फेकतं. शुक्रवारी संध्याकाळी का चढवलं, हा प्रश्न घरच्यांनीही विचारला.

तेव्हापासून दोन नियम केले. ही ओळ कुठल्याही कप्प्यात नाही, सगळ्यांना लागू अशी मोकळी लिहायची. आणि फाइल आहे का ते बघूनच तिचा पत्ता द्यायचा. टिप्पण्या दिसल्या नाहीत म्हणून कर्जाचे हप्ते भरायचे थांबता कामा नयेत.

प्रकल्प एकूण चौदा. प्रत्येकात तीच ओळ लिहिण्यापेक्षा सगळ्यांच्या वरच्या फोल्डरमध्ये 'डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स' नावाची एकच फाइल ठेवायची, बिल्ड करणारं हत्यार, एमएसबिल्ड, ती आपोआप उचलतं. ही सोय आवृत्ती १५ पासूनची, म्हणजे २०१७ ची. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग याच फाइलचा झाला आणि सगळ्यात जास्त रात्रीही हिनेच खाल्ल्या.

पहिली रात्र अक्षरांच्या लहान-मोठेपणात गेली. आमच्यातल्या एकाने फाइलचं नाव सगळं लहान लिपीत दिलं होतं. विंडोजला फरक पडत नाही. बिल्ड सर्व्हर लिनक्सवर, आणि तिथे फरक पडतो. लिनक्सने फाइल ओळखलीच नाही, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ही फाइल नसणं ही काही चूक नाही ना त्याच्या लेखी. वर आणखी गंमत म्हणजे विंडोजवर नाव बदललं तर गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या हत्याराला, बदल दिसेना, कारण तिथे ते लहान-मोठं अक्षर एकच धरतं. गिटच्याच 'एमव्ही' आज्ञेने नाव बदललं तेव्हा कुठे ते पुढे गेलं.

दुसरी रात्र दोन फाइलींची. चाचण्यांच्या फोल्डरमध्ये आधीपासून याच नावाची छोटी फाइल पडून होती. एमएसबिल्ड प्रकल्पापासून वर वर शोधत जातं आणि पहिली सापडली की थांबतं. त्यामुळे वरची फाइल चाचण्यांपर्यंत पोचायचीच नाही. हवी असेल तर आतल्या फाइलीतून वरची मुद्दाम इम्पोर्ट करावी लागते.

तिसरी माझ्या स्वतःच्या हुशारीची. चाचणी प्रकल्पांना १५९१ नको म्हणून मी प्रॉप्समध्ये अट घातली की प्रकल्प 'टेस्ट' म्हणून खुणावलेला असेल तर गप्प राहा. अट कधीच लागू झाली नाही. कारण प्रॉप्स फाइल प्रकल्पाच्या आधी वाचली जाते, आणि ती खूण तर प्रकल्पाच्या पोटात लिहिलेली. अजून न वाचलेल्या ओळीवर अट कशी लागणार? शेवटी प्रकल्पाच्या नावावर अट घातली. नाव आधीपासून ठाऊक असतं. याच क्रमामुळे प्रकल्पात एखादी जुनी ओळ 'फॉल्स' म्हणत पडली असेल तर ती वरच्या फाइलीला मागे टाकते. आमच्याकडे अशी एक होती.

ही सगळी भुतं अंदाजाने शोधत बसू नका, मी बसलो होतो. एमएसबिल्डला '-पीपी' हा पर्याय देऊन चालवलं की बिल्ड न करता सगळ्या इम्पोर्ट झालेल्या फाइली एकत्र, क्रमाने, एका लांबलचक फाइलमध्ये ओतून मिळतात. कुठली ओळ कुठून आली ते तिथे दिसतं. डॉटनेट ८ च्या एसडीकेपासून (बिल्डच्या हत्यारांच्या संचापासून) '-गेटप्रॉपर्टी' असाही पर्याय आहे. नाव द्या, शेवटी ठरलेली किंमत सांगतो. मी आता पहिला हाच प्रश्न विचारतो आणि बहुतेक भांडणं तिथेच मिटतात. त्यानेही भागलं नाही तर '-बीएल' देऊन बायनरी लॉग काढायचा आणि स्ट्रक्चर्ड लॉग व्ह्यूअरमध्ये उघडायचा. फक्त तो लॉग कोणाला पाठवताना जपून. त्यात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही येतात, आणि आपण तिथे काय काय ठेवतो ते आपल्यालाच माहीत.

तुलनेने व्हिज्युअल स्टुडिओ बंद करून 'बिन', 'ऑब्ज' आणि ती लपलेली '.व्हीएस' फोल्डरं उडवणं हा गावठी उपाय. तो मीही करतो. कधी कधी लागूही पडतो, पण त्यानंतर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

मध्यंतरी मी आणखी एक घाण करून ठेवली. सगळ्या वॉर्निंग म्हणजे एरर, असं जाहीर केलं. उद्देश चांगला. पंधरा दिवसांत चार आकडी वॉर्निंग शून्यावर आल्या आणि मी खूश. मग टिप्पण्या वाचल्या. 'खातेदाराचे नाव' या प्रॉपर्टीवर लिहिलंय: खातेदाराचे नाव मिळवते किंवा ठरवते. 'जामीनदार यादी'वर: जामीनदारांची यादी. सगळं असंच. बिल्ड हिरवं व्हावं म्हणून लोकांनी नावंच परत टाइप केली होती, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता आमच्याकडे १५७०, १५७२, १५७३ आणि १५७४ हे चारच एरर आहेत. टिप्पणी नसेल तर चालेल, खोटी चालणार नाही. १५९१ एडिटरकॉन्फिग या वॉर्निंगची पातळी ठरवता येणाऱ्या फाइलमध्ये नुसत्या सूचनेच्या पातळीवर उतरवलंय, आणि डेटाबेस मायग्रेशनच्या फोल्डरसाठी पूर्ण बंद. आधी मी ते 'नोवॉर्न' मध्ये, म्हणजे गप्प करायच्या वॉर्निंगच्या यादीत, टाकायचो. त्यात एक खाच आहे: आधीची यादी पुढे न जोडता नुसता आपला आकडा लिहिला तर एसडीकेने आधीच गप्प केलेले १७०१ आणि १७०२ पुन्हा जागे होतात. आमच्या दोन प्रकल्पांत ते जागे होऊन बसले होते आणि लोक त्यांचा अर्थ शोधत होते.

मराठीत टिप्पण्या लिहाव्यात का, यावर ऑफिसात बरीच चर्चा झाली. कोड इंग्रजी, पण 'मुद्दल', 'थकबाकी', 'मुदतबंद ठेव', 'तारण' हे शब्द पतसंस्थेतली माणसं याच नावांनी बोलतात. त्यांचं इंग्रजी करताना प्रत्येकाचा शब्द वेगळा, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. म्हणून 'समरी' या सारांशाच्या टॅगची पहिली ओळ इंग्रजी, आणि 'रिमार्क्स' या जादा माहितीच्या टॅगमध्ये संस्थेच्या भाषेतला अर्थ मराठीत, असं ठरलं. चौकोनात देवनागरी नीट दिसते. फाइल यूटीएफ-८ या देवनागरी सामावणाऱ्या पद्धतीत सेव्ह केलेली असली की पुरे. एका जुन्या फाइलमध्ये मात्र नुसती प्रश्नचिन्हं निघाली. कोणीतरी ती कधीतरी जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे देवनागरी नसलेल्या अक्षरसंचात, सेव्ह केली होती. ती अक्षरं गेली ती गेलीच. आणि ओळ तोडली म्हणजे चौकोनातही तुटेल असं समजू नका. सगळं एकापुढे एक चिकटतं, त्यासाठी 'पॅरा' टॅग लागतो.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. 'इनहेरिटडॉक', म्हणजे मूळ क्लासवरचीच टिप्पणी वापरा, असं लिहिलं की एडिटरच्या चौकोनात मूळ टिप्पणी येते, पण तयार होणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये तो टॅग तसाच्या तसा पडतो. ती फाइल वाचणाऱ्या पुढच्या हत्याराने तो उलगडला तर ठीक. न वापरलेले 'यूझिंग' (दुसरीकडचा कोड वापरायला घेणाऱ्या ओळी) बिल्डच्या वेळी पकडायचे असतील तरी ही टिक चालू असावीच लागते, कारण एखादं यूझिंग फक्त टिप्पणीतल्या उल्लेखासाठी असू शकतं. कारण कळल्यावर पटतं. ते कळायला मला दोन दिवस लागले.

नव्या प्रकल्पात ही टिक पहिल्याच दिवशी करा. जुना असेल तर १५९१ आधी बाजूला ठेवा आणि बाकीच्या चार आकड्यांची यादी काढा. आमच्याकडे ती साफ करायला तीन आठवडे लागले, रोजच्या कामातून वेळ काढून.

'देय तारीख' हप्त्याचीच निघाली. माझ्या पाच ओळींत मात्र मुदत संपायची तारीख असं लिहिलं होतं. वाक्यं व्याकरणशुद्ध, पॅरामीटरचं नाव बरोबर, त्यामुळे कंपायलरने हूं की चूं केलं नाही. त्या मुलीनेच ती दुरुस्त केली आणि रिव्ह्यूला माझ्याकडे पाठवली.